हैबतराव साळिंदराची फुटबॉलमधली कारकीर्द

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर राहत होतं. ते फुटबॉलचं फार मोठं मॅनेजर होतं. त्याच्यावर पुस्तकं निघाली. त्याचा पुतळा झाला. दहा कोसांत त्याचं नाव घेतल्याशिवाय कुणी चेंडूला पाय लावत नसे.

ते साळिंदर म्हणजे मी.

हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्या साळिंदराची बरीच स्तुती येणार आहे. ती कोण करतंय हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

तर सरळ बसा, शेपट्या आवरा, आणि ऐका.

माझं नाव हैबती. आमचं रान छोटं. करवंदीचं रान म्हणत त्याला. एक टेकडी, एक ओढा आणि टेकडीखाली एक सपाट माळ. माळावर रोज दुपारी फुटबॉल चाले. चेंडू सुगरण विणून द्यायची आणि वरून वडाच्या चिकाचा लेप लावायची. हलका आणि मस्त उसळणारा चेंडू.

मला फुटबॉलचं भारी वेड. अडचण एकच होती. मी चेंडूजवळ गेलो की चेंडू फुटायचा. पुढून गेलो तरी फुटायचा, पाठ करून गेलो तर लवकर फुटायचा. एका दुपारी मी तीन चेंडू फोडले. सुगरण बाभळीवरून ओरडली, "याला कुणीतरी आवरा! मी माझं घरटं कधी विणायचं?"

संघाची कर्णधार होती भागू. भागू म्हणजे घोरपड. ती गोलात उभी राहायची. चेंडू एकदा तिच्या पंजात गेला की गेला, मग तो काढून घ्यायला तिची परवानगी लागायची. फार बोलायची नाही. त्या दिवशी ती माझ्याकडे आली.

"हैबत्या, तू रेषेच्या बाहेर उभा राहा."

"बाहेर राहून काय करू?"

"बोलत राहा. तोंड बरं चालतं तुझं."

दुसरे मोठे मॅनेजर सांगतात, लहानपणापासून ओढ होती. कुणी सांगतं, खेळताना गुडघा गेला आणि मग या वाटेला लागलो. मी चेंडू फोडायचो म्हणून लागलो.

आमच्या रानात तेव्हा मॅनेजर हा शब्दच नव्हता. मला 'बाहेरचा' म्हणत. "बाहेरचा आला का? मग करू सुरू."

मी मात्र काम मनापासून केलं. सामना सुरू झाला की मी ओरडायला लागे. "पुढे जा! मागे या! पसरा! जवळ राहा!" बऱ्याचदा हे सगळं एकाच दमात. चिंगळ्या ससा आमच्या आघाडीला होता. तो आज्ञाधारक. माझं सगळं ऐकायचा, त्यामुळे जागच्या जागी गिरक्या घ्यायचा. बचावाला खवल्या मांजर होतं. मी ओरडलो की ते दचकायचं आणि गुंडाळून गोळा व्हायचं. मग समोरच्या संघातलं कुणीतरी चेंडू समजून त्यालाच लाथ मारायचं. एकदा ते असं घरंगळत आमच्याच गोलात गेलं. पंच सांबर होता. त्यानं गोल दिला.

पहिल्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो. मी म्हणालो, आपण पाया घालतोय.

सामना संपला की भागू एकेकाजवळ जाऊन बसायची आणि हळू आवाजात काहीतरी सांगायची. काय सांगायची ते मला माहीत नाही. मी तेव्हा पुढच्या सामन्यात काय ओरडायचं ते ठरवत असे.

दुसऱ्या वर्षी काय झालं कोण जाणे, आम्ही जिंकायला लागलो. जिंकत जिंकत दशक्रोशी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो. समोर होतं सागवन. सागवनचा संघ म्हणजे अकरा रानडुकरं.

सामना भर दुपारी होता. आता एक गोष्ट लक्षात घ्या. साळिंदर दिवसा झोपतं. ही आमची जात आहे, आळस नव्हे. दोन वर्षं मी झोप मारून ओरडत आलो होतो. त्या दिवशी पूर्वार्धातच डुकरांनी आमच्यावर दोन गोल चढवले. मध्यांतर झालं. आता काहीतरी जोरदार सांगायला हवं होतं. मी करवंदीच्या जाळीखाली सावलीत बसलो आणि विचार करण्यासाठी डोळे मिटले.

डोळे उघडले ते आरडाओरड्यानं.

आम्ही तीन-दोन जिंकलो होतो.

सगळे नाचत होते. मॅनेजरला खांद्यावर घेऊन मिरवायची पद्धत असते. मला कुणी घेतलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. करंडक मात्र त्यांनी काठीनं ढकलत माझ्यापुढे आणून ठेवला.

तेवढ्यात काळेकर आले. काळेकर म्हणजे कावळा. 'पहाटेची काव' या वर्तमानपत्राचे क्रीडा प्रतिनिधी.

"हैबतराव," ते म्हणाले. सकाळी याच काळेकरांनी मला 'ए, सरक' म्हटलं होतं. "हैबतराव, मध्यांतरात खेळाडूंना काय सांगितलंत?"

"काही नाही."

"आणि उत्तरार्धात?"

"तेव्हाही काही नाही."

"तुम्ही पूर्ण वेळ डोळे मिटून बसला होतात. सबंध मैदानानं पाहिलं. काय करत होतात?"

मुलांनो, उत्तर दोन शब्दांचं होतं. झोपलो होतो. भागू जवळच उभी होती, धापा टाकत. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मी आत बघत होतो," मी म्हणालो.

काळेकरांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी 'पहाटेची काव'चा मथळा होता: मौनाचा विजय. आणि खाली बारीक अक्षरांत: हैबतरावांची मौन पद्धत फुटबॉल बदलणार काय?

फुटबॉल बदलला की नाही ते सांगता येणार नाही. मी बदललो. मी चालताना थांबायला लागलो. कुणी काही विचारलं की लगेच उत्तर देईनासा झालो. बिळातून बाहेर येण्याआधी थोडा वेळ आतच थांबायचो, म्हणजे बाहेर गर्दी जमे.

काळेकरांनी माझ्यावर पुस्तक लिहिलं. पळसाची एकशेवीस पानं. त्यातली बरीचशी कोरी होती. मौनाबद्दलच होतं ना ते. हातोहात संपलं.

मग व्याख्यानं. मधमाश्यांनी मला पोळ्यावर बोलावलं. विषय होता, एकजुटीनं काम कसं करावं. वीस हजार मधमाश्या काम थांबवून तासभर बसल्या. मी बोललो, मध्ये मध्ये गप्प राहिलो. त्या दिवशी पोळ्यात मध झाला नाही. शेवटी राणीमाशी म्हणाली, "फार शिकायला मिळालं." मी मान डोलवली. मलाही अगदी तसंच वाटत होतं.

आणि मग थोरल्या रानातून बोलावणं आलं.

थोरल्या रानाचे मालक रावसाहेब. रावसाहेब म्हणजे गवा. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. मैदान कुठल्या बाजूनं सुरू होतं असं ते विचारायचे. पण त्यांच्याकडे नदी होती. ज्याच्याकडे नदी असते त्याच्याकडे सगळे पाणी प्यायला येतात, आणि जाताना "रावसाहेब, आपलं बरोबर आहे," असं म्हणून जातात.

"आमचा आधीचा मॅनेजर फार बोलायचा," रावसाहेब म्हणाले. "मला मौन पाहिजे."

"किती पाहिजे?" मी विचारलं.

"सबंध हंगाम."

मी कबूल झालो. अट एकच घातली, माझी गोलकीपर मी बरोबर आणणार.

भागू ओढ्याकाठच्या दगडावर ऊन खात पडली होती. मी तिला मैदानाबद्दल सांगितलं, पाच हजार प्रेक्षकांबद्दल सांगितलं. ती ऐकत होती की नाही कळेना.

"गोलाला जाळी आहे," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. आमच्या माळावर गोल म्हणजे दोन बांबू. गोल झाला की चेंडू सरळ ओढ्यात जाई, आणि भागूला तो पोहत जाऊन आणावा लागे. इतकी वर्षं.

"मागे जाळी असते?"

"मागे आणि दोन्ही बाजूंना."

"येते," भागू म्हणाली.

थोरल्या रानात आम्ही सलग दोन हंगाम अजिंक्य ठरलो. माझ्यासाठी सावलीत एक मचाण बांधलं होतं. सामना सुरू झाला की मी मचाणावर चढायचो आणि डोळे मिटायचो. बाकीचं मैदानात व्हायचं. भागू गोलातून एखादा शब्द टाकायची, तो पुढच्याकडे जायचा, त्याच्याकडून त्याच्या पुढच्याकडे. हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. मी पाहिलेलं नाही.

प्रेक्षकांनाही मौनाची गोडी लागली. पाच हजार प्राणी डोळे मिटून सामना बघायचे. गोल झाला की एकमेकांना विचारायचे, कुणी मारला?

सुतार पक्ष्यानं ऐनाच्या जाडजूड खोडात माझा पुतळा कोरला. डोळे मिटलेला. उघडे डोळे कोरणं अवघड असतं, तेव्हा तोही खूश होता. उद्घाटनाला मी पुतळ्याशेजारी उभा राहिलो. लोक म्हणाले, हुबेहूब. म्हणाले ते पुतळ्याकडे बघून, पण हार मला घातला. हार काट्यांत अडकला तो चार दिवस निघाला नाही. मी काढायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

तिसऱ्या हंगामात रावसाहेबांनी मुंग्या नेमल्या.

मुंग्यांचं काम मोजायचं. कोण किती पावलं धावलं, कुणी किती वेळा मान वळवली, सगळं. हंगाम अर्धा झाला तेव्हा त्यांनी अहवाल दिला. रावसाहेबांनी मला बोलावून घेतलं.

"हैबतराव, ही घोरपड काहीच करत नाही. आपल्या संघातली हरणं बघा, प्रत्येकी लाख लाख पावलं. आणि ही? चारशे बारा."

"रावसाहेब, ती गोलात असते."

"मग गोलात चालायला काय होतं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

"एक वानर बघून ठेवलंय," रावसाहेब म्हणाले. "तरुण आहे. दोन हात, दोन पाय आणि लांब शेपूट. पाच गोष्टींनी चेंडू अडवणार. बेडकांचंही तेच मत आहे."

बेडूक म्हणजे डबक्यावरची चर्चा. दर संध्याकाळी आठ बेडूक डबक्याच्या काठावर बसून फुटबॉलवर बोलायचे, सगळे एकाच वेळी. सबंध रान ते ऐकायचं. त्या आठवड्यात विषय होता, भागूबाईंचं वय झालं काय?

मला काय म्हणायला हवं होतं ते तुम्हाला कळलंय. तुम्ही लहान आहात म्हणून तुम्हाला ते सोपं वाटतंय. मला पुतळा होता.

मी मान डोलवली. मौन पद्धतीत मान डोलवायला परवानगी होती.

दुसऱ्या दिवशी सामना होता. खेळणाऱ्या अकरा जणांची नावं मी एका पानावर लिहिली. ते पान मैदानाबाहेरच्या ऐनाच्या झाडाला लावलं. टोचायला काही नव्हतं, म्हणून माझ्याच पाठीचा एक काटा उपटला. मग मी झाडामागे लपलो.

भागू नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी आली. तिनं पान वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं. मग ती झाडाला म्हणाली, "हैबत्या, काटे दिसताहेत तुझे."

मी बाहेर आलो.

"माझं नाव लिहायचं राहिलं का?" तिनं विचारलं.

"राहिलं नाही," मी म्हणालो.

"बरं."

"मुंग्यांचं म्हणणं आहे की..."

"मुंग्यांचं राहू दे. तुझं काय म्हणणं आहे?"

मी गप्प राहिलो. सबंध कारकिर्दीतलं ते माझं सगळ्यात लांब मौन. त्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही.

भागू खाली बसली. "सागवनच्या सामन्यात तू झोपला होतास ना, तेव्हाची एक गोष्ट सांगते."

"तुला ठाऊक होतं?"

"घोरत होतास. मी पोरांना म्हटलं, आवाज करू नका, हा उठला तर पुन्हा ओरडायला लागेल. म्हणून सगळी गपचूप खेळली. एकमेकांकडे बघत खेळली. तोवर तुझ्याकडे बघत खेळायची."

वारा सुटला होता. ते पान काट्याभोवती गोल गोल फिरत होतं.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुला बरं वाटत होतं," भागू म्हणाली. "आणि तू कुणाचं वाईट करत नव्हतास."

ती उठली आणि निघाली. जाताना गोलापाशी थांबली. जाळीत एक वाळकी काटकी अडकली होती. ती तिनं काढून बाजूला टाकली. मग नदीच्या कडेकडेनं चालत गेली. करवंदीचं रान तिथून तीन दिवसांच्या वाटेवर होतं.

मी मचाणावर चढलो. सामन्याची वेळ झाली होती.

वानर गुणी होतं, नाही असं नाही. त्यानं पहिलाच चेंडू शेपटीनं अडवला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांना हात जोडायला ते आडव्या खांबावर चढलं, आणि तेवढ्यात दोन गोल झाले. आम्ही चार गोलांनी हरलो.

पुढच्या सामन्यात मी डोळे उघडले.

सगळ्या मैदानात कुजबुज झाली. हैबतरावांनी डोळे उघडले! मी उभा राहिलो आणि ओरडलो, "पुढे जा! मागे या! पसरा! जवळ राहा!" हरणं गिरक्या घ्यायला लागली. आम्ही सात गोलांनी हरलो.

हरल्यावर पत्रकार परिषद असते. पहिल्या पराभवानंतर मी म्हणालो होतो, ऊन फार होतं. दुसऱ्यानंतर म्हणालो, सावली फार होती. तिसऱ्यानंतर म्हणालो, चेंडू गोल होता. काळेकरांनी तेही लिहून घेतलं. त्यांचं माझ्यावरचं दुसरं पुस्तक तयार होत होतं. या पुस्तकात एकही पान कोरं नव्हतं.

हंगाम संपायच्या आत रावसाहेबांनी जाहीर केलं, 'हैबतराव आणि थोरलं रान परस्परांच्या आनंदानं वेगळे होत आहेत.' माझा आनंद त्यांनी मला न विचारता धरला होता.

नवा मॅनेजर अस्वल होता. सुतार पक्षी आला आणि त्यानं माझ्या पुतळ्याचे काटे तासून काढले, कान गोल केले, डोळे उघडले. दोन दिवसांत अस्वल तयार. मी गर्दीत उभा राहून बघत होतो. लोक म्हणाले, हुबेहूब.

मग मी काय केलं? जे सगळे करतात तेच. बेडकांबरोबर डबक्यावर बसलो. नववा. दुसऱ्यांच्या मॅनेजरांना काय जमत नाही ते मी रोज संध्याकाळी सांगायचो. मला ते फार चांगलं जमायचं. पण उन्हाळ्यात डबकं आटलं. बेडूक चिखलात गेले. मला चिखलात जाता येईना. मी घरची वाट धरली.

तीन दिवस चालत होतो. चालता चालता भागूची माफी मागायचं भाषण तयार केलं. त्याचे तीन भाग होते. दुसरा भाग विशेष चांगला झाला होता.

माळावर पोचलो तेव्हा सराव चालू होता. गोल म्हणजे तेच दोन बांबू. मध्ये भागू. तिचा रंग फिका पडला होता, एका डोळ्यावर सुरकुती आली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"भागू, आयुष्यात काही क्षण असे असतात की..."

"बाजूला हो. चेंडू दिसत नाही."

मी बाजूला झालो. सराव संपेपर्यंत भाषणाचे दोन भाग विसरलो. ती पाणी पिऊन आली तेव्हा माझ्याजवळ एवढंच उरलं होतं.

"चुकलो," मी म्हणालो.

तिनं पंजानं तोंड पुसलं.

"मला काढलंस त्याचं काही नाही," मग ती म्हणाली. "म्हातारी होतेय. कुणीतरी कधीतरी काढणारच. पण तू लपलास."

"तुझ्यासमोर उभं राहायची भीती वाटली."

"ते कळलं मला. म्हणून तर जास्त लागलं."

ती मैदानाकडे बघत होती.

"आता आलाच आहेस तर रेषा आख," ती म्हणाली. "सगळ्या पुसून गेल्यात."

मी शेपटीकडचे काटे जमिनीला टेकवून मैदानाच्या कडेनं उलटा चालत गेलो. काट्यांनी मातीत रेषा उमटत गेली. खोल, स्वच्छ, सरळ रेषा. फुटबॉलला माझा झालेला हा पहिला उपयोग.

त्यानंतर रोज रेषा आखणं हे माझं काम झालं. भागू माझ्याशी कामापुरतं बोलायची. "कोपरा चुकला." "इथे दगड आहे, काढ." याहून जास्त नाही. दोन पावसाळे असेच गेले. तिनं मला हाकललं नाही आणि जवळही घेतलं नाही. मी काय म्हणणार? जे होतं ते बरं होतं.

आणि एके दिवशी सकाळी माझ्या बिळाशी टिटवी आली.

टिटवी थोरल्या रानाचे निरोप पोचवायची. तिला बघताच माझ्या पाठीवरचा काटा न् काटा उभा राहिला. त्यांना माझी आठवण आली होती! पण मी बदललो होतो. मला आता पुतळा नको होता. या क्षणासाठी मी दोन वर्षं एक नकार तयार करून ठेवला होता.

"हैबतराव साळिंदर आपणच का?" टिटवी म्हणाली. "मी रावसाहेबांकडून..."

"थांबा," मी म्हणालो. "रावसाहेबांना सांगा, हैबती आता मचाणावर चढणार नाही. मला मानाची भूक राहिलेली नाही. मी मातीत रेषा आखतो आणि सुखी आहे. त्यांनी आग्रह करू नये. केला तरी मी येणार नाही. पुन्हा केला तरी नाही."

टिटवी एका पायावर उभी राहून ऐकत होती.

"झालं?"

"झालं."

"मला भागूबाई घोरपड कुठे राहतात ते विचारायचं होतं. रावसाहेब म्हणाले, त्या साळिंदराला पत्ता ठाऊक असेल."

मी तिला माळावर घेऊन गेलो. वाटेत तिनं सगळं सांगितलं. अस्वल गेलं होतं. त्याच्यानंतरचं तरसही गेलं होतं. मग मुंग्यांनी एकदा पावलं सोडून संघावर झालेले गोल मोजले, आणि भागू होती तेव्हाचा आकडा बघून रावसाहेब खाली बसले. मुंग्या हुशार असतात, मुलांनो. काय मोजायचं ते फक्त कुणीतरी सांगावं लागतं.

भागू बांबू ठोकत होती. टिटवीनं निरोप सांगितला. थोरल्या रानाचं मॅनेजरपद. मचाण. पुतळाही होता. ऐनाचं ते खोड तासून तासून बारीक झालं होतं, पण घोरपडीपुरतं अजून निघत होतं.

"मॅनेजर म्हणजे बाहेर बसायचं?" भागूनं विचारलं.

"हो. सावलीत."

"मग खेळायचं नाही?"

"छे! तुम्ही कशाला खेळाल? गोलात वानर आहे."

"मग नको," भागू म्हणाली. "मला चेंडू अडवायला आवडतं."

"भागूबाई, तुमचं केवढं नाव होईल!"

"नाव आहे मला," असं म्हणून ती पुन्हा बांबू ठोकायला लागली.

टिटवी हवालदिल झाली. "मग मी आता कुणाला नेऊ? रिकामी परत गेले तर रावसाहेब माझा नदीवरचा दगड दुसऱ्या कुणाला देतील!" तिनं माळभर नजर फिरवली. माळावर आम्ही तिघंच होतो.

मुलांनो, गोष्ट खरी सांगायची म्हटल्यावर हेही सांगायला हवं.

मी खोकलो.

टिटवीनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा माळाकडे पाहिलं.

मी आणखी एकदा खोकलो. या वेळेस जरा भारदस्त, पदाला शोभेल असं.

"अडुळसा घ्या," टिटवी म्हणाली, आणि उडून गेली.

माळावर सगळं शांत झालं. बांबूवरचे ठोके थांबले होते. भागूकडे बघायची माझी हिंमत होईना. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. मग एक विचित्र आवाज आला, सुकलेल्या शेंगा वाजाव्यात तसा. मी वर पाहिलं. भागू हसत होती. घोरपडी हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. तिला उभं राहवेना. ती बांबूला धरून खाली बसली आणि पुन्हा हसायला लागली. मग मलाही हसू आलं. आवरायचा प्रयत्न केला, आवरेना.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

"हैबत्या, जायचं होतं तुला?"

"हो," मी म्हणालो.

"मग सरळ सांगायचंस तिला."

"आता उडाली ती."

"बरं झालं," भागू म्हणाली. "चल, ऊन चढायच्या आत ती डावीकडची रेषा पुरी करू. मी दगड वेचते पुढे."

तात्पर्य: ज्यांना काम येतं ते कामातच अडकून पडतात, त्यामुळे मोठं होण्याची जबाबदारी आपल्यासारख्यांवर येते. तेव्हा मुलांनो, मेहनतीच्या नादी लागू नका. सावलीची जागा लवकर धरा. आणि वेळ आली तर उपयोगी पडावा म्हणून आपला खोकला आधीपासून चांगला घोटून ठेवा.